नाव माहेरी राहिलं

जीपचं दार लावायच्या आधी माझ्या वडिलांनी, तात्यांनी, आत वाकून माझ्या डोक्यावर हात ठेवला. दुपारी लग्न लागलं होतं. मे महिन्याचं ऊन आता कुठं कलायला लागलं होतं. ओटीतला नारळ सारखा मांडीवरून घसरत होता आणि आई तोंडाला पदर लावून जीपच्या मागं उभी होती. कळंबला कालव्याच्या कडेला आमची वस्ती, ती सगळी रस्त्यावर आली होती. मला वाटलं, आता तात्या मला हाक मारतील आणि मग मी मोकळेपणानं रडेन.

तात्या म्हणाले, "अश्विनी, नीट नांद."

मी मागं वळून पाहिलं. खरंच पाहिलं. मागच्या सीटवर पाठराखीण म्हणून माझी चुलत बहीण बसली होती आणि तिच्याशेजारी नवऱ्याकडच्या दोन बाया. तात्या यांच्यापैकी कुणाला बोलले, असा प्रश्न मला पडला. मग ध्यानात आलं, अश्विनी म्हणजे मी. त्याच दुपारी तांदळाच्या ताटात ते नाव लिहिलं गेलं होतं. जीप सुटली. रडायचं राहूनच गेलं.

ही गोष्ट १९९२ सालची. कळंब ते बारामती हे अंतर ते काय. वर्गातल्या मैत्रिणी पुण्याला गेल्या, एक तर नवऱ्याबरोबर मस्कतला गेली. मीही पुढं लांब गेले, हुबळीला, आणि आज तिथंच आहे. पण घर कधी सोडलंस असं कुणी विचारलं तर मला हुबळीची गाडी आठवत नाही, ती हाक आठवते. हे मी माझ्या भावासाठी लिहिते आहे. त्यानं अजून माझी बाजू नीट ऐकलेली नाही. आणि पाळण्यात एक नाव मिळालेल्या, लग्नात दुसरं मिळालेल्या सगळ्या बायांसाठीही.

माझं नाव मायाक्का.

आमचे आजोबा मेंढरं राखायचे. दिवाळी झाली की कळप घेऊन कोकणात उतरायचे आणि पाऊस तोंडावर आला की परत यायचे. तात्यांच्या वेळी कालव्याचं पाणी शेताला लागलं, मेंढरं गेली, ऊस आला. देव मात्र मेंढरांबरोबर गेले नाहीत. कर्नाटकातल्या चिंचलीची मायाक्का आमची देवी. माघात तिच्या जत्रेला वस्तीतल्या बैलगाड्या जायच्या.

माझ्या आधी आईची दोन लेकरं गेली. एक महिन्याच्या आत, दुसरं रांगता रांगता. मी पोटात असताना तात्या चिंचलीला गेले आणि नवस बोलले, मूल जगू दे, तुझंच नाव ठेवीन. मी जगले. माझ्यानंतर शिवाजी झाला, तोही जगला. तात्यांच्या मनानं घेतलं की हे सगळं त्या नावामुळं.

त्या नावाचे आमच्या घरात नियम होते. मायी, मायडी, माये असं तोडून कुणी म्हणायचं नाही. मला शिव्या घालायच्या असतील तर नाव घेऊन घालायच्या नाहीत. आई चिडली की "ए पोरी" म्हणायची आणि राग उतरला की पुन्हा मायाक्का. तात्या म्हणायचे, "तुला हाक मारली की ती देवीला जाती. म्हून तुला कुनी उगाच हाक मारायची न्हाय." शेजारची बाई आपल्या पोरींना दिवसातून पन्नास वेळा ओरडायची. मला काम असेल तरच हाक यायची, आणि ती पूर्ण यायची.

शाळेत गुरुजींनी पटावर नुसतं 'माया' लिहिलं. त्यांना वाटलं, अक्का ही घरातली हाक असेल. तात्या खांद्यावर टॉवेल टाकून शाळेत आले आणि उभ्या उभ्याच म्हणाले, "गुर्जी, अर्धी देवी आमाला चालत न्हाय." गुरुजी हसले, पण त्यांनी नाव दुरुस्त केलं. नंतर एकदा वर्गात ते म्हणाले की माया म्हणजे भ्रम, जे नसतं ते दिसणं. मी घरी येऊन तात्यांना सांगितलं. तात्या म्हणाले, "त्यांच्या पुस्तकात आसंल. आपल्यात माया म्हंजी जीव लावनं." मला तात्यांचा अर्थ खरा वाटला. बरीच वर्षं वाटत होता.

लग्न ठरलं तेव्हा मला एकच धास्ती होती. वस्तीत नुकतीच लग्नं झालेल्या मुलींची नावं बदलली होती. सगळ्यांची नाही, पण हौस म्हणून, नव्या पद्धतीचं म्हणून बदलत होते. चिंगूची स्वाती झाली, ठकूबाईची सोनाली. त्यांना त्याचं काही वाटलं नाही. उलट बरं वाटलं असावं.

तात्या उसाला पाणी देत होते तिथं मी गेले. बांधावर उभी राहून विचारलं, "तात्या, माझं नाव बदलतील का ते?"

त्यांनी फावड्यानं माती ओढून एक सरी बंद केली, दुसरी फोडली. पाणी आत शिरू दिलं. मग म्हणाले, "देवीचं नाव कोन बदलंल?"

"पण त्यांनी म्हटलं तर?"

"मी बोलतो त्यास्नी. तू घोर करू नगंस."

मी घोर केला नाही. तात्यांनी बोलतो म्हटलं की ते बोलत.

लग्नात सप्तपदी झाल्यावर ताट आलं. त्यात तांदूळ पसरले होते. सुनील, माझा नवरा, बारामतीच्या एमआयडीसीत दुधाच्या कारखान्यात कामाला होता. त्यानं बोटातली अंगठी काढली आणि तिनं तांदळात अक्षरं ओढायला लागला. मी मान खाली घालून बसले होते. मला ताट उलटं दिसत होतं. मी 'मा' शोधत होते. तो 'अ' काढत होता. कुणीतरी मोठ्यानं वाचलं, "अश्विनी!" बाया म्हणाल्या, छान आहे, नव्या वळणाचं आहे. आमच्याकडचे एक म्हातारे आबा म्हणाले, "पोरगी नाव काढंल बगा."

मी तात्यांकडं पाहिलं. ते मांडवाच्या मेढीला बांधलेली दोरी आवळत होते. दोरी सैल नव्हती.

माझी मी समजूत घातली. मुलीचा बाप, लग्नाचा दिवस, सगळे पाहुणे जमलेले. तात्या बोलले असतील आणि सासरच्यांनी ऐकलं नसेल. कुणी ऐकलं नसेल याचाही मी अंदाज बांधला. माझ्या सासूबाई करारी होत्या, मोठ्यानं बोलायच्या, त्यांच्या घरात त्यांच्या शब्दाबाहेर काही होत नसे. तात्यांचा मला राग आला नाही, कणव आली. राग सगळा सासूबाईंच्या वाट्याला गेला.

बारामतीत एमआयडीसीच्या बाजूला आम्ही खोली घेतली. सकाळी पाळी सुटायच्या आणि लागायच्या वेळेला रस्ताभर मोटारसायकली. सासूबाई गावाकडून अधूनमधून यायच्या. त्या मला हाक मारायच्या आणि मी ढिम्म. स्वयंपाकघरात उभी असायचे, मागून "अश्विनी, अगं अश्विनी" चाललेलं असायचं आणि माझ्या कानाला ते शेजारच्या खोलीतलं वाटायचं. एकदा त्या सुनीलला म्हणाल्या, "पोरगी चांगली हाय, पन ऐकायला कमी येतं का रं हिला?" तो हसला. मी हसले नाही. मनात म्हटलं, तुम्हीच तर माझे कान काढून घेतले.

हळदीकुंकवाला बाया नाव घ्यायचा आग्रह करायच्या. मी उखाण्यात सुनीलचं नाव गुंफायचे, बाया टाळ्या वाजवायच्या. नवऱ्याचं नाव घेतलं की त्याचं आयुष्य वाढतं म्हणतात. घरी जाताना वाटायचं, माझं नाव मात्र किती महिन्यांत कुणी घेतलेलं नाही. आई-बापांनी नाव ठेवताना देवाला मध्ये घेतलं होतं आणि आता ते नाव कुठं पडून असेल?

माहेरी तरी कुणी म्हणेल असं वाटायचं. पण माहेरीही अश्विनी. एकदा आई चुलीपुढून चुकून म्हणाली, "माया..." आणि पुढचं गिळलं. उंबऱ्यात तात्या बसले होते. त्यांनी नुसतं वर पाहिलं. आई म्हणाली, "अश्विनी, जरा भाकरी उलट." मला वाटलं, सासरच्यांच्या कानावर जाऊ नये म्हणून ही काळजी. मी तात्यांना मनातल्या मनात आणखी थोडं माफ केलं. माफ करण्यासारखं नेमकं काय होतं हे मला माहीत नव्हतं.

पंच्याण्णव साली सुनीलला हुबळीच्या डेअरीत काम लागलं. कानडी मुलूख, भाषेचं एक अक्षर येत नव्हतं. मी शिवणकाम शिकले होते, एक मशीन घेतली आणि ब्लाउज शिवायला लागले. बाजूची गंगव्वा माझी पहिली गिऱ्हाईक. तिच्या पाठोपाठ गल्लीतल्या सगळ्याच यायला लागल्या आणि दारातून ओरडायला लागल्या, "अक्का, ब्लाउज यावाग?" म्हणजे ब्लाउज कधी देणार. भाजीवाला अक्का म्हणायचा, दूधवाला अक्का म्हणायचा. तिथं कुठल्याही बाईला अक्काच म्हणतात, थोरली बहीण. पण पहिल्यांदा ऐकलं तेव्हा हातातली कात्री तशीच राहिली. तीन वर्षांनी मी पहिल्याच हाकेला वळले होते.

गंगव्वाला मी माझं जुनं नाव सांगितलं. मोडक्या कानडीत, हातवारे करून. ती गालावर बोटं मारून म्हणाली, अगं ही तर आमची देवी. कुणी तिला मायव्वा म्हणतं, कुणी मायक्का. व्वा म्हटलं की आई, अक्का म्हटलं की बहीण. देवी तीच, ज्याला जी हवी ती त्यानं घ्यावी. मग तिनं विचारलं, असं नाव सोडलंस कशाला? मी म्हटलं, सासूनं बदललं. गंगव्वानं सासूबाईंना कानडीत दोन शब्द वाहिले. मला बरं वाटलं, हे कबूल करते.

शिवताना मी कापडाला माया ठेवायचे, शिवणीच्या आत दडवलेलं जास्तीचं कापड, पुढं अंगात बदल झाला तर उसवून वाढवता यावं म्हणून. मला शिकवणाऱ्या बाई म्हणायच्या, "माया ठेवत जा, नाहीतर कपडा एकाच दिवसाचा होतो." गुरुजींचा अर्थ, तात्यांचा अर्थ आणि हा तिसरा. मशीन चालवता चालवता मी याचाच विचार करत बसायचे.

सत्त्याण्णव साली शिवाजीला मुलगी झाली. बारशाला मला बोलावणं आलं. लेकराच्या बापाची बहीण म्हणून नाव ठेवायचा मान माझा होता. पाळण्याशी वाकायचं, लेकराच्या कानात नाव सांगायचं, बाया पाठीत धपाटे घालतात ते सोसायचे. हुबळीहून येताना गाडीत मी नाव ठरवत होते. कावेरी. मी ज्या मुलखात राहायला गेले तिथल्या नदीचं. सुनीलला म्हटलं, कसं आहे? तो खिडकीबाहेर बघत म्हणाला, "बघ बाई, तुझ्या तात्यांना विचार आधी." मला वाटलं, वडीलधाऱ्यांचा मान म्हणून म्हणतोय.

कळंबच्या घरी पडवीत पाळणा बांधला होता. सासूबाईही आल्या होत्या, व्याह्यांच्या घरचं पहिलं बारसं म्हणून. तात्यांनी मला बाजूला बसवलं आणि म्हणाले, "नाव ठरलं हाय. तू फकस्त कानात सांगायचं."

"काय ठरलंय?"

"मायाक्का."

मी हसले. मला खरंच वाटलं ते चेष्टा करताहेत.

"तात्या, ते माझं नाव आहे."

"तुझं कसं? तू अश्विनी न्हवं का आता?"

तेवढ्यात सासूबाई बोलल्या. त्या पलीकडं फुलांच्या माळा निवडत होत्या. हातातली माळ खाली ठेवून म्हणाल्या, "अस्सं! म्हंजी त्यापायी हुतं व्हय ते समदं!"

तात्या म्हणाले, "इहीनबाई, ऱ्हाऊ द्या."

"का ऱ्हाऊ द्या? पाच वरसं तोंड दाबून बसले मी." त्या माझ्याकडं वळल्या. "अगं, आमच्यात नाव बदलायची चालच न्हाय. मी म्हनलं हुतं, एवढं देवीचं नाव, कशाला बदलायचं? तुझ्या बापानं हात जोडलं. म्हनला, पोरीचं नाव बदलून घ्या, आन् आमी सांगितलं हे तिला कळू देऊ नगा. मला वाटलं असंल काय तरी देवाधर्माचं. शब्द दिला, पाळला. पन हे असं असंल हे मला कुठं ठावं?"

पडवीत आई होती, शिवाजी होता, सुनील होता. मी एकेकाकडं पाहिलं. एकाच्याही तोंडावर नवल नव्हतं. आई पाळण्याची दोरी सारखी करायला लागली. सुनील जमिनीकडं बघत म्हणाला, "मला शपथ घातली होती." शिवाजी पेढ्यांची खोकी मोजायला लागला. म्हणजे सगळ्यांना ठाऊक होतं. ज्या बाईला मी पाच वर्षं दोष दिला ती एकटीच माझ्या नावाच्या बाजूनं बोलली होती.

मी उठून घरामागं गेले. तिथं पूर्वी मेंढरांचा वाडा होता, आता तिथं कडब्याची गंज होती. तात्या मागून आले. मी वळले नाही.

"का, तात्या?"

"मी नवस काय शब्दानं बोललो हुतो तुला ठावं न्हाय," ते म्हणाले. "आई, तुझं नाव माझ्या घरात नांदंल. असं बोललो हुतो. माझ्या घरात. पोरगी नांदायला जाती दुसऱ्याच्या घरात. तू गेलीस आन् तुझ्यासंगं नाव गेलं, मंग माझ्या घरात काय ऱ्हायलं? दोन लेकरं गेल्याली हायत माझी. शिवा एकटा. त्याला काय झालं असतं म्हंजी?"

"नाव माझ्याकडं राहिलं असतं आणि हिलाही ठेवलं असतं. काय बिघडलं असतं?"

तात्यांनी माझ्याकडं असं पाहिलं जसं मी अगदीच काही अडाण्यासारखं बोलले. "जित्या मानसाचं नाव लेकराला ठेवत्यात व्हय?"

ते शब्द तोंडातून गेल्यावर त्यांना ते ऐकू आले. मलाही आले. आमच्याकडं नाव ठेवतात ते गेलेल्यांचं. आजा गेला की नातवाला त्याचं नाव. जिवंत माणसाचं नाव पाळण्यात घातलं की त्याचं आयुष्य तुटतं असं मानतात. म्हणून आधी मायाक्का संपवायला हवी होती. मांडवात, तांदळाच्या ताटात, हळद लावून, सगळ्यांच्या देखत.

"म्हणजे तुमच्या लेखी मी मेले होते," मी म्हटलं.

"असं बोलू नगंस."

"मग मला विचारलं का नाही? बांधावर उभी होते मी. त्याच दिवशी सांगायचं होतंत."

तात्या म्हणाले, "सांगितलं असतं तर तू न्हाय म्हनली असतीस."

"म्हणून सांगितलं नाही?"

"म्हून."

ते खोटं बोलले नाहीत. तेवढं एकच त्यांच्या बाजूनं सांगता येईल. आणि त्यांच्या डोळ्यांत मला भीती दिसली, दोन लेकरं मातीत घातलेल्या माणसाची. ती भीती खरी होती. पण तिची किंमत त्यांनी माझ्याकडून घेतली आणि मला न सांगता घेतली, हेही तितकंच खरं होतं.

आतून बाया बोलवायला लागल्या. "आत्याबाई कुठाय? मुहूर्त टळतोय!"

मी पाळण्याजवळ गेले. लेकरू तेलानं माखलेलं, वेखंडाचा वास येत होता, मुठी घट्ट आवळलेल्या. मी वाकले. बाया पाळणा म्हणायच्या थांबल्या. आत्या कानात काय सांगते ते कुणाला ऐकू येत नाही. मी कावेरी म्हटलं असतं तरी कुणाला कळलं नसतं. मी काहीही म्हणू शकले असते. तोंड तिच्या कानाशी नेलं आणि इतक्या वर्षांत, गंगव्वाला एकदा सांगितलं तेवढं सोडलं तर, मी स्वतः ते नाव मोठ्यानं उच्चारलेलं नाही हे माझ्या ध्यानात आलं. आपलं नाव आपण कुठं घेतो? ते दुसऱ्यांनी घ्यायचं असतं.

मी म्हटलं, "मायाक्का." पूर्ण म्हटलं, तोडलं नाही. या पोरीनं माझं काही वाईट केलं नव्हतं. पाठीत धपाटे पडले, बाया हसल्या, पेढे वाटले गेले.

त्याच दिवशी दुपारी आम्ही निघालो. निघताना मी आईच्या पाया पडले, सासूबाईंच्या पडले. तात्यांच्या पडले नाही. ते उंबऱ्यात उभे होते, मी बाजूनं गेले. गाडीत सुनीलशी मिरजेपर्यंत बोलले नाही. मिरजेला तो चहा घेऊन आला आणि म्हणाला, "मला वाटलं होतं, कधीतरी तेच सांगतील." मी म्हटलं, "तुलाही वाटलंच होतं फक्त." चहा प्यायले. काय करणार?

दोन वर्षं मी कळंबला गेले नाही. सासूबाई मात्र हुबळीला यायला लागल्या. पहिल्यांदा आल्या तेव्हा दारातूनच म्हणाल्या, "आता तुला काय म्हनू ते तूच सांग." मी म्हटलं, जीभ वळते ते म्हणा. त्यांची जीभ अश्विनीलाच वळली होती. पण विचारलं त्यांनी. घरातल्या इतर कुणी विचारलं नव्हतं.

नव्याण्णवच्या माघात तात्या चिंचलीच्या जत्रेला आले आणि तिथून पुढं हुबळीला. आधी कळवलं नाही. गल्लीत शिरून त्यांनी लोकांना विचारलं, अश्विनीचं घर कुठं? कुणाला सांगता येईना. तिथं अश्विनी कुणी ओळखतच नव्हतं. शेवटी गंगव्वानं त्यांचं पागोटं आणि कपाळावरचा भंडारा पाहिला आणि त्यांना माझ्या दारात आणून उभं केलं.

मी त्यांना पाणी दिलं, जेवायला वाढलं. ते भिंतीला टेकून बसले होते, थकले होते. मी मशीनवर बसून काम चालू ठेवलं, कारण हात थांबवले असते तर काहीतरी बोलावं लागलं असतं. तेवढ्यात दारातून कुणी पोर ओरडली, "अक्का!" मी उठून तिला ब्लाउज दिला.

तात्यांनी विचारलं, "हितं तुला काय म्हनत्यात?"

"अक्का."

ते मान हलवत राहिले. मग म्हणाले, "तेवढं तरी ऱ्हायलं."

मला इतका संताप आला की हातातली चिंधी मी टराटरा फाडली. जणू ते अर्धं त्यांनी माझ्यासाठी राखून ठेवलं होतं. ते लोकांनी दिलं होतं, त्यांनी नाही. पण म्हातारा माणूस, इतक्या लांबून आलेला, माझ्या घरात बसलेला. मी चिंध्या गोळा केल्या आणि पुन्हा मशीनवर बसले. दोन दिवस ते राहिले आणि त्या दोन दिवसांत त्यांनी मला एकाही नावानं हाक मारली नाही. जाताना माझ्या कपाळाला भंडारा लावला.  मी कपाळ पुढं केलं. त्यांनी माफी मागितली नाही आणि मी माफ केलं नाही. काही वर्षांनी ते गेले तेव्हाही आमच्यात तेवढंच होतं.

धाकटी मायाक्का मोठी झाली, शिकली, नोकरीला लागली. तिचं लग्न ठरलं तेव्हा शिवाजीचा फोन आला. "ताई, तू ये. ती ऐकत न्हाय. नाव बदलायचं न्हाय म्हनती. तात्यांचा नवस मोडतो. तू आत्या हाईस, तू समजाव. तुला तर म्हाईत हाय."

मी गेले. शिवाजीनं मला आणि पोरीला समोरासमोर बसवलं. ती माझ्याकडं अशी बघत होती जशी मी तिच्या विरुद्ध साक्ष द्यायला आले आहे. मी तिला काहीच सांगितलं नाही. शिवाजीला म्हटलं, "शिवा, मी नाव हिच्या कानात सांगितलं होतं. घराच्या भिंतीला नाही. ते हिचं आहे, हिला न्यायचं तिथं नेऊ दे."

तो ताडकन उठून बाहेर गेला. लग्न झालं, ताट आलं नाही. पोरगी नाशिकला गेली ती मायाक्का म्हणूनच गेली. शिवाजी माझ्याशी वर्षभर बोलला नाही. त्याच्या मनात अजून भीती आहे की या घराचं काहीतरी वाईट होईल, आणि ते झालं तर दोष माझा. त्याला मी एवढंच सांगते की भीती मला कळते. मी तात्यांच्या डोळ्यांत ती जवळून पाहिली आहे. पण भीती वाटते म्हणून दुसऱ्याच्या जन्माची गोष्ट त्याच्या पाठीमागं ठरवायची, हे मला मान्य नाही. तात्यांचं मान्य नव्हतं, शिवा, तुझंही नाही.

लोक विचारतात, आता तुझं घर कुठलं? हुबळी म्हणावं तर तिथं मला कुणी पाळण्यात घातलं नाही. कळंब म्हणावं तर तिथं मला ज्यांनी हाकेला वळायला शिकवलं त्यांनीच ती हाक बंद केली. मी दिवाळीला जाते. आईही आता नाही, तिच्या फोटोला हार घालते, वहिनीच्या हातची भाकरी खाते, शिवाजी बसस्टँडवर न्यायला येतो आणि रस्त्यात उसाच्या भावाबद्दल बोलतो. वहिनी म्हणते, ताई, आज राहा की. मी म्हणते, शिवायची कामं पडली आहेत. कामं असतातच, ते खोटं नाही. पण खरं कारण वेगळं आहे, ते आज इथं लिहिते. त्या घरात मी अजून जेवू शकते. झोपू शकत नाही.